पोटासाठी पोतोसी

आमच्या घरात गेल्या पंचवीस वर्षांत जे जे बिघडलं, त्या सगळ्याचं मूळ दक्षिण अमेरिकेत आहे, असं आमच्या हिचं ठाम मत होतं. गीझर जळला, पोतोसी. माझा गुडघा धरला, पोतोसी. धाकट्या मेव्हण्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मला वाटलं, यात तरी बोलिव्हिया देशाचा हात नसावा, पण ही देवघरापुढे उभी राहिली, सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "राहिलंय ना त्या पोतोसीच्या बाबांचं!"

राहिला होता तो नवस. १९९२ साली बोललेला आणि २०१८ सालापर्यंत न फेडलेला. एवढी थकबाकी बँकसुद्धा ठेवून घेत नाही, मग संतमहात्मे कशी ठेवतील?

हे सगळं मुळापासून सांगायला हवं. मी पंपांच्या कारखान्यात होतो. साधे विहिरीवरचे पंप नव्हेत, दगडाचा कुटलेला चिखल ओढणारे. १९९१ साली आमच्या कारखान्याने असे काही पंप बोलिव्हियातल्या पोतोसी नावाच्या गावातल्या एका खनिज-गिरणीला विकले. पंपांबरोबर वर्ष-दोन वर्षांसाठी माणूस पाठवायची अट होती. आमच्याकडे स्पॅनिश कुणालाच येत नव्हतं. मी दोनदा गोव्याला जाऊन आलो होतो, तेवढं पुरेसं धरलं गेलं. आईला गावाचं नाव काही केल्या जमेना. ती शेजारणींना सांगायची, "पोटासाठी गेलाय हो पोतोशीला." यमक इतकं बरोबर जुळलं, की मीही पुढे ते दुरुस्त केलं नाही.

पोतोसी समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्याही वर आहे. आकड्यांनी काही कळत नाही. तीन सिंहगड एकावर एक रचावेत आणि वर पर्वती ठेवावी, म्हणजे साधारण पोतोसीचा बाजार येतो. तिथून मान वर केली की आणखी सातशे मीटरचा एक डोंगर दिसतो. लालसर, टोकदार, झाड नाही की झुडूप नाही. कुणीतरी मिरचीपूड ओतून नीट निमुळता ढीग केल्यासारखा. हा सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. त्याचं जुनं केचुआ नाव सुमाक ऊर्को, म्हणजे सुंदर डोंगर. आधी सुंदर होता, मग श्रीमंत झाला. पुढे त्याचं काय झालं ते येईलच.

एवढ्या उंचीवर पहिले आठ दिवस माणूस माणूस नसतो. तीन पायऱ्या चढलं की चौथीवर बसावं लागतं. त्याला तिकडे सोरोचे म्हणतात आणि कोकाच्या पानांचा चहा पाजतात. ही कोकाची पानं खाणकामगार दिवसभर गालात धरून असतात, आणि नुसती पानं नव्हेत. बरोबर राखेची एक वडी चघळतात, तिच्याशिवाय पानाला जोर येत नाही. हे पाहिलं आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तंबाखूला चुना लागतो हे ज्या मुलुखात कळतं तो मुलूख परका कसा?

आमची ही सहा महिन्यांनी आली ती प्रेशर कुकर घेऊनच. तिथे पाणी शहाऐंशी-सत्त्याऐंशी अंशांवरच उकळतं. उकळतं म्हणजे नुसता देखावा करतं. तूरडाळ त्यात तीन तास पोहून जशीच्या तशी वर येते. आमच्या घरमालकीणबाईंकडेही कुकर होता, पण तो नुसता सुस्कारे सोडायचा. आमच्या कुकरने पहिली शिट्टी मारली तेव्हा बाई हातातला झारा घेऊन अंगणात धावल्या. मग ही ओट्यापाशी उभी राहून "एक... दोन... तीन..." मोजते आहे असं बघून त्यांनी समजूत करून घेतली की ही आमची काहीतरी प्रार्थना आहे. पुढे दोन वर्षं त्या आमचा कुकर चालू असताना हलक्या आवाजात बोलत.

बाईंची समजूत काढण्याचा मी प्रयत्न केला नाही, कारण घर त्यांचं होतं आणि भाषा तर त्यांचीच होती. शिवाय त्यांच्यापाशी सांगण्यासारखं माझ्याहून पुष्कळ होतं. स्वयंपाकघरात एका गोणीत जुन्या नोटा भरलेल्या होत्या. १९८४-८५ साली बोलिव्हियात महागाईने असा कहर केला होता की पावाला जाताना पैशांची पिशवी आणि येताना पाव खिशात. १९८७ पासून दहा लाख जुन्या पेसोंचा एक नवा बोलिव्हियानो झाला. म्हणजे बाईंची गोणी एका रात्रीत चार-पाच रुपड्यांवर आली. त्या नोटांवर त्या चूल पेटवायच्या. "लखपती असताना मला कोणी मोजलं नाही," त्या म्हणायच्या, "आता निदान बटाटे तरी शिजतात."

बटाट्यांवरून आठवलं. हिची एकादशी. परमुलखात उपासाचं कसं होणार म्हणून ही निघण्यापूर्वी रडली होती. तिथल्या बाजारात उभी राहिली आणि रडणं विसरली. बटाटे किती म्हणून? जांभळे, काळे, गुलाबी, बोटाएवढे, मुठीएवढे. दंवात गोठवून पायांनी तुडवून वाळवलेले चुन्यो तर गारगोट्यांसारखे दिसतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. शेंगदाण्यांचे ढीग. मिरच्यांचे ढीग. रताळी. खालच्या गरम मुलुखातून आलेला तो कंद, ज्याचा आपल्याकडे साबुदाणा होतो. बटाटा या अँडीज पर्वताचा, शेंगदाणा दक्षिण बोलिव्हियाच्या आसपासचा, मिरची याच खंडाची. पोर्तुगीजांनी आणि इतरांनी हे सगळं जहाजांत घातलं आणि आपण ते थेट विठोबाच्या उपासाला लावलं. वऱ्याचे तांदूळ वगळले तर एकादशीची सगळी तयारी या लोकांच्या पूर्वजांनी करून ठेवलेली. हिने बाईंना बशीभर बटाट्याचा कीस दिला, वर दाण्याचं कूट. बाईंनी विचारलं, आज सण आहे का? मी सांगितलं, नाही, आज आम्ही काही खात नाही. बाईंनी बशीकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग खाता त्या दिवशी काय करता?"

आता डोंगर.

गोष्ट अशी सांगतात, की १५४५ साली, म्हणजे आपल्याकडच्या तालिकोटच्या लढाईच्या वीस वर्षं आधी, दिएगो वाल्पा नावाचा एक इंडियन मेंढपाळ, मेंढपाळ म्हणजे लामापाळ, चुकलेला लामा शोधत या डोंगरावर चढला. रात्र झाली, थंडीसाठी जाळ केला आणि सकाळी बघतो तर दगडातून चांदी वितळून ओघळलेली. याहून जुनी एक कथा आहे. वाइना कापाक नावाच्या इंका सम्राटाने इथे खणायला माणसं पाठवली तेव्हा डोंगरातून आवाज आला, की ही चांदी तुमच्यासाठी नाही, मागून येणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे. ही दुसरी कथा मागून आलेल्यांना फार आवडली असणार.

मागून आलेले म्हणजे अर्थात स्पॅनिश. चांदीचा बोभाटा झाला आणि ज्या माळावर गवतसुद्धा धड उगवत नाही तिथे शहर उभं राहिलं. १६०० नंतर दहा-बारा वर्षांत त्याची वस्ती दीड लाखाच्या पुढे गेल्याचं सांगतात, म्हणजे लंडनच्या पंगतीला बसण्याइतकी. सम्राटाने पदवी दिली, इम्पीरियल नगर. नाचाचे वर्ग, जुगाराचे अड्डे, देवळांची रांग, आणि तलवारी उपसून एकमेकांना भोसकणारी दोन-दोन टोळकी. हे सगळं अर्सान्स नावाच्या एका स्थानिक बखरकाराने अठराव्या शतकात हजारो पानं भरून लिहून ठेवलं. ते पुरतं छापलं गेलं १९६५ साली. लेखकाने धीर धरावा तो किती, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही. स्पॅनिश भाषेत आजही एखादी वस्तू अमोल आहे असं म्हणायचं तर ती 'एका पोतोसीच्या मोलाची' म्हणतात.

सुरुवातीला चांदी गाळत ते इंडियन लोकच, आणि त्यांच्याच रीतीने. वायरा म्हणजे वारा. डोंगराच्या उतारावर मातीच्या भोकाभोकांच्या भट्ट्या मांडायच्या आणि रात्रीच्या वाऱ्याला फुंकणीचं काम सांगायचं. हजारो भट्ट्यांनी रात्री डोंगर दिवाळीसारखा दिसे. पण वरची कसदार चांदी संपली, तशा या भट्ट्या विझल्या. मग आला तोलेदो.

फ्रान्सिस्को दे तोलेदो हा पेरूचा व्हाइसरॉय. कामसू, हुशार, काटेकोर. असली माणसं वरिष्ठ म्हणून आली की कनिष्ठांचं काय होतं हे नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. १५७२च्या सुमारास त्याने पाऱ्याने चांदी काढायची नवी पद्धत इथे आणली. धातूचा दगड कुटून पीठ करायचा, त्यात मीठ आणि पारा तुडवायचा, पारा चांदीला धरतो, मग पारा उडवून द्यायचा. पारा पेरूतल्या वान्काव्हेलिकाच्या खाणीतून लामांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून यायचा. दगड कुटायला पाणचक्क्या हव्यात, चक्क्यांना पाणी हवं आणि पाऊस तर चार महिने. म्हणून वरच्या डोंगरात तळी बांधली, शहराच्या मधून पाट काढला. मी चिखलाच्या पंपांचा माणूस; ही व्यवस्था पहिल्यांदा पाहिली तेव्हा टोपी काढली आणि थंडीमुळे लगेच परत घातली. पण १६२६च्या मार्चमध्ये त्यातलं एक धरण फुटलं आणि पाटाकाठच्या चक्क्या, घरं, माणसं दोन-अडीच तासांत वाहून गेली. पानशेत अनुभवलेल्या पुणेकराला यापुढे काही सांगायला नको.

पारा झाला, पाणी झालं. राहिली माणसं. त्यांची सोय तोलेदोने १५७३ साली केली. त्या सोयीचं नाव मिता. केचुआत मिता म्हणजे पाळी. आपल्या कारखान्यात पहिली पाळी, दुसरी पाळी म्हणतात ना, अगदी तोच शब्द. इंकांच्या राज्यात गावागावाने पाळीपाळीने रस्ते, शेतं, पूल करायचे, आणि राजाने त्यांना पोसायचं. तोलेदोने शब्द तोच ठेवला आणि आतलं सगळं बदललं. सोळा प्रांतांतून, कुस्कोच्या बाजूच्या मुलखापासून, सात कर्त्या पुरुषांतला एक असे दर वर्षी सुमारे साडेतेरा हजार लोक या डोंगरात आणायचे. बायकापोरं, लामे, वाळलेले बटाटे घेऊन आठवडेच्या आठवडे ते चालत यायचे. मजुरी होती, नाही असं नाही. पण ती येण्याजाण्याच्या खर्चालाही पुरत नसे. मग मेणबत्तीच्या उजेडात, कातड्याच्या दोरांच्या शिड्यांवरून, पाठीवर दगड घेऊन वर चढायचं. खाली गरम, वर बर्फाचा वारा. पुष्कळ परत गेलेच नाहीत. पुष्कळांची गावंच उठली. या डोंगराने ऐंशी लाख माणसं खाल्ली असा आकडा वाटाडे सांगतात. इतिहासकारांना तो मान्य नाही. मला विचाराल तर आकडा हवाच कशाला? ही पाळी अडीचशे वर्षांच्या आसपास, स्पॅनिश अंमल जाईपर्यंत, चालली, एवढं मला पुरतं.

घरमालकीणबाईंचा धाकटा भाऊ या डोंगरात काम करायचा. १९८५ साली जगात कथिलाचा भाव कोसळला, सरकारने आपल्या खाणी बंद करायला घेतल्या आणि वीस हजारांवर कामगार घरी बसले. त्यातले कित्येक मग सहकारी संस्था काढून, आपापल्या हिमतीवर, त्याच डोंगरात परत शिरले. त्यांपैकी हा एक. वय माझ्याएवढंच, बत्तीस. मला 'इंहे' म्हणायचा, म्हणजे इंजिनियरसाहेबाचं लाडकं रूप. एका शुक्रवारी तो मला आत घेऊन गेला. जाताना बाजारातून भेटी घेतल्या. आपण कोणाकडे जाताना पेढे नेतो. पोतोसीत खाणकामगाराकडे जाताना कोकाची पानं, सिगारेटी आणि डायनामाइट नेतात. दुकानात ते साबणाच्या वड्यांशेजारी ठेवलेलं होतं.

आत शिरल्यावर पहिल्या शंभर पावलांत माझं डोकं छपराला नऊ वेळा लागलं. प्रत्येक वेळी तो मागे वळून विचारायचा, "इंहे, डोंगर ठीक आहे ना?" मग एका कोनाड्यात बसलेला दिसला तो तिओ. तिओ म्हणजे काका. मातीचा, शिंगंवाला, तोंडात सिगारेट, पायांशी पानांचा खच. बाहेर देव, देवळं, घंटा सगळं आहे; पण आतला मालक हा. त्याला पानं वाहिली, दारू शिंपडली, सिगारेट पेटवून दिली. ती काकांनी ओढली बरं का, राख झालेली मी पाहिली. हवेच्या झोतामुळे असणार, पण तिथे उभं राहून असं म्हणायची माझी छाती झाली नाही. आमच्या आजोळच्या वेशीवर म्हसोबा होता. त्याच्यासमोरही आम्ही शास्त्रीय कारणं सांगत नसू.

परत येताना मी त्याला विचारलं, किती वर्षं करणार हे? तो म्हणाला, "चाळिशीपर्यंत. मग ट्रक घेणार." बोलताना खोकला. मीही खोकत होतो, म्हणून ते माझ्या ध्यानात राहिलं नाही.

त्याच सुमारास हिला दिवस गेले. बाई लगबगीने आल्या आणि म्हणाल्या, "इथं बाळंतपण नाही करायचं!" मग त्यांनी जी गोष्ट सांगितली ती अर्सान्सच्या बखरीतलीच. पोतोसी वसल्यावर पहिली पन्नासएक वर्षं स्पॅनिशांचं एकही मूल इथे जगलं नाही. बाया बाळंतपणाला खालच्या खोऱ्यांत जायच्या. शेवटी एका घरी तोलेन्तिनोच्या संत निकोलसला नवस बोलले, आणि १५९८ साली जन्मलेलं त्यांचं मूल जगलं. त्याचं नाव अर्थात निकोलस. त्यानंतर गावात निकोलसांचा सुळसुळाट झाला. बाईंच्या देवघरात या संताची वीतभर मूर्ती होती. डॉक्टरांनी हवेची घनता, प्राणवायू वगैरे सांगून जो सल्ला दिला तो शब्दशः बाईंचाच होता: खाली सुक्रेला जा. सुक्रे दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवर आणि बाराशे मीटर खाली. जायच्या आदल्या रात्री ही त्या मूर्तीपुढे उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "सगळं नीट होऊ दे, तुला चांदीचा पाळणा वाहीन."

सगळं नीट झालं. मुलगी झाली, चांगली तीन किलोची. जन्मस्थळ सुक्रे, बोलिव्हिया. पण पाळणा? पोतोसीच्या चांदीकामवाल्यांकडे लामे होते, चमचे होते, काट्यांचे आख्खे संच होते. पाळणा एकाहीकडे नव्हता. आणि १९९३ साली आम्हाला घाईत परतावं लागलं. सामानाचं वजन जास्त झालं म्हणून कुकर बाईंना देऊन टाकला. "पाळणा पुण्याहून पाठवते," असं ही रडत रडत म्हणाली. चांदी पोस्टाने पाठवायची आमची हिंमत झाली नाही.

२०१८ साली मी निवृत्त झालो, मुलगी नोकरीला लागली आणि हिने फर्मान काढलं. लक्ष्मी रोडवरच्या सराफाने पाळणा दाखवत विचारलं, "बाळकृष्णाला का?" मी म्हटलं, "नाही, सेंट निकोलसला." "म्हणजे सांताक्लॉजला?" "तो वेगळा. हे तोलेन्तिनोचे." सराफाने माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं आणि पावती हिच्या नावाने केली. अठरा ग्रॅम. घडणावळ वेगळी.

विमानात तो पाळणा मांडीवर घेऊन बसलो असताना मला सारखं हसू येत होतं. पोतोसीला चांदी न्यायची! आणि मग एक विचार आला आणि हसू थांबलं. ही चांदी मूळची कुठली? सोळाव्या-सतराव्या शतकांत पोतोसीच्या टांकसाळीतले रुपेरी रेआल जगभर गेले. निम्मे स्पेनच्या राजाच्या लढायांत आणि सावकारांत विरघळले. काही मेक्सिकोहून मनिलामार्गे चीनला गेले. आणि पुष्कळसे लाल समुद्रातून, आखातातून, इंग्रज-वलंदेजांच्या जहाजांतून सुरतेला आले. कशाला? आपलं कापड, नीळ, मिरी घ्यायला. आपल्याला त्यांच्याकडचं दुसरं काहीच नको होतं. सुरतेच्या मोगली टांकसाळीत ते रेआल वितळायचे आणि रुपये होऊन बाहेर पडायचे. आणि सुरत म्हटल्यावर १६६४ आणि १६७० ही दोन सालं मराठी माणसाला कोणी सांगावी लागत नाहीत. महाराजांनी जी चांदी घोड्यांवर लादून आणली, तीत या मिरचीपुडीच्या ढिगातली किती होती? वितळलेल्या चांदीला गाव विचारता येत नाही. मेक्सिकोची असेल, जपानची असेल. पण काही तरी पोतोसीची असणारच. कुणा केचुआ माणसाने पाठीवरून वर आणलेला दगड, आणि शेवटी तो आमच्या गडावर. शाळेत सुरतेचा धडा मी छाती फुगवून वाचला होता. तो अभिमान अजून आहे; फक्त चांदीच्या त्या मागच्या टोकाला कोणी उभा असेल हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

सुक्रेहून पोतोसीला मोटारीने तीन तास लागले. शहर तेच. वारा अडावा म्हणून मुद्दाम वाकड्या काढलेल्या गल्ल्या, त्यांतली एक तर सात वळणांची. लाकडी सज्जे, सान लोरेन्सोच्या दगडी दारावर सूर्य, चंद्र आणि तंतुवाद्यं वाजवणाऱ्या मत्स्यकन्या. समुद्र कुठे, या कुठे! १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात असल्यामुळे भिंतींना रंग बरा होता. टांकसाळीत पुन्हा गेलो. १७७३ साली पुरी झालेली ही इमारत म्हणजे किल्लाच. आत लाकडाची अजस्र दातेरी चक्रं, वर चांदीच्या पट्ट्या दाबायचे रूळ, खाली खेचरं फिरायची. पहिली टांकसाळ तोलेदोच्याच काळची. तिथे १६४९ साली असं उघडकीला आलं की नाण्यांत चांदी कमी आणि तांबं जास्त आहे. गोमेस दे ला रोचा नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याला त्यापायी १६५० साली मृत्युदंड झाला. तोवर ती नाणी जगभर पसरलेली, बाजारपेठा हादरलेल्या. दुधात पाणी घालावं, पण सगळ्या जगाच्या दुधात घालू नये.

ही मात्र एका चित्रापुढे उभी राहिली ती हलेना. अठराव्या शतकातलं, चित्रकाराचं नाव नाही. त्यात मेरीमाता आहे आणि डोंगरही आहे. म्हणजे डोंगर हाच तिचा झगा. वरून चेहरा आणि दोन बाजूंनी दोन हात बाहेर आलेले, उतारावर छोटे लामे, छोटी माणसं, तो वाइना कापाकसुद्धा. एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. ही म्हणाली, "अहो, ही तर सप्तशृंगीच." मी स्पष्टीकरण देणार होतो. दिलं नाही.

बाहेर आल्यावर खरा डोंगर पाहिला तर त्याचा माथा मला चुकल्यासारखा वाटला. २०११ साली तो आतून खचला, शेंड्याला खड्डा पडला. सिमेंट-वाळू ओतून बुजवायची खटपट केली. २०१४ साली युनेस्कोने गावाला धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातलं. पावणेपाचशे वर्षं उंदरांनी पोखरलेल्या दिवाळीच्या किल्ल्यासारखा तो उभा आहे, आणि आत अजून हजारो माणसं खणताहेत. जस्त, शिसं, उरलीसुरली चांदी. १८२५च्या ऑक्टोबरात सिमोन बोलिव्हार स्वातंत्र्याचे झेंडे घेऊन याच माथ्यावर चढला होता. आज कोणी चढला तर झेंडे कुठे रोवावेत हा प्रश्नच आहे.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि ही थबकली. "अहो, ऐकलंत?" मला आधी ऐकूच आलं नाही, कारण मी धापा टाकत होतो. मग आली. शिट्टी. आमचीच. पुण्यातल्या दुपारी साडेअकराची, वरणाची शिट्टी, तीन सिंहगडांच्या वर!

बाई आता त्र्याऐंशीच्या. मला त्यांनी ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, पंप सांगितले, गिरणी सांगितली. त्या भिडेखातर मान हलवत राहिल्या. मग ही पुढे झाली आणि नुसतं म्हणाली, "उनो, दोस, त्रेस..." बाईंनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. "इहिता!" म्हणजे लेकी. मग दहा मिनिटं दोघी दोन भाषांत एकदम रडल्या. खाली जन्मलेली पोर कशी आहे, लग्न झालं का, का नाही झालं, सगळं विचारून झालं. मी कुकर बघत बसलो. त्याची रिंग पंचवीस वर्षं कशी टिकली हे इंजिनियर म्हणून मला जाणून घ्यायचं होतं. टिकली नव्हतीच. बाईंच्या भावाने ती दोनदा नवी कापून दिली होती, गिरणीत मोडीत निघालेल्या एका पंपाच्या आतल्या रबरातून. माझ्याच पंपाच्या. कारखान्याच्या माहितीपत्रकात हा उपयोग दिलेला नव्हता.

"कुठे आहे तो?" मी विचारलं. "ट्रक घेतला का?"

बाईंनी देवघराकडे बोट केलं. संत निकोलसच्या शेजारी फोटो होता. हेल्मेट घातलेला, गालात पान धरलेला. २००१ साली गेला. बेचाळिसाव्या वर्षी. खाणीचा आजार म्हणतात तिकडे. दगडाची पूड फुप्फुसात बसते. शेवटी शेवटी तो या गल्लीचा चढसुद्धा बसत बसत चढायचा, नव्या पाहुण्यासारखा, असं बाई म्हणाल्या. मुलगा? मुलगा डोंगरातच. आज दुसऱ्या पाळीला गेलाय.

ही उठली, पिशवीतून डबी काढली, डबीतून पाळणा काढला. हातपाय धुतले, पदर घेतला, हळदकुंकू आणलेलं होतं ते वाहिलं. संतांची हरकत दिसली नाही. बाईंनी एक खिळा शोधून आणला आणि दगडाने ठोकून पाळणा टांगला. तो मूर्तीच्या आणि फोटोच्या बरोब्बर मध्ये आला. हिने एका बोटाने त्याला झोका दिला. आमच्याकडची पंचवीस वर्षांची सगळी संकटं त्या क्षणी टळली असावीत.

बाई बराच वेळ बघत होत्या. मग पाळणा परत काढला, तळहातावर घेऊन वजन पाहिलं. खिडकीपाशी नेऊन नखाने खरवडलं. पोतोसीच्या बाईला चांदी दाखवायची म्हणजे पैठणला जाऊन पैठणी दाखवण्यातला प्रकार.

"कुठली चांदी?" त्यांनी मला विचारलं.

सुरत, टांकसाळ, महाराज, लक्ष्मी रोड हे सगळं सांगण्याइतकं स्पॅनिश माझ्यापाशी पूर्वीही नव्हतं. मी म्हटलं, "बहुतेक इथलीच. फिरून आलीय."

बाईंनी पाळणा पुन्हा खिळ्याला अडकवला.

"पातळ झालीय," त्या म्हणाल्या, आणि कुकर उतरवायला गेल्या.